घटसर्प आणि गाडीचा घोडा

घटसर्पाने घशात करडा पडदा धरला की श्वास कोंडून मूल आईच्या मांडीवरच जाई. वैद्य-डॉक्टरांचे तेथे फारसे चालत नसे. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले की, रोगाचे विष थोडेथोडे टोचलेल्या जनावराच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. पण लहान जनावरांच्या रक्ताने किती मुले वाचणार? पॅरिसच्या रू यांनी घोडा निवडला. रक्त भरपूर, आणि सोसण्याची ताकदही दांडगी. मानेच्या शिरेतून रक्त काढावे, ते गोठू द्यावे आणि वर राहिलेले पिवळसर रक्तजल मुलास टोचावे. तेथील बालरुग्णालयात घटसर्पाची शंभरातली पन्नासावर मुले दगावत. १८९४ मध्ये ती संख्या पंचविसाच्या आसपास आली.

मंडळी, १९०१ चे पहिले वैद्यकीय नोबेल पारितोषिक बेरिंगला मिळाले, ते योग्यच झाले. घोड्यांची हजेरी मात्र कोणी मांडली नाही. आम्ही मजुरांत वावरणारे. आम्हांला ती मांडावीशी वाटते.

अमेरिकेतील सेंट लुइस शहरी जिम नावाचा घोडा होता. पूर्वी तो गाडी ओढी. तीन वर्षांत त्याने सुमारे २८ लिटर रक्तजल दिले. १९०१ च्या ऑक्टोबरात त्याला धनुर्वात झाला आणि त्याला मारावे लागले. परंतु ३० सप्टेंबरला काढलेले त्याचे दूषित रक्तजल कुप्यांत भरले गेले, त्यांवर चिठ्ठी लागली २४ ऑगस्टची, आणि तपासणी न होताच त्या बाहेर पडल्या. १३ मुले धनुर्वाताने गेली. यात जिमचा काय दोष? चौकशीत निघाले की, कुप्या भरण्याचे काम प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या नोकराच्याही हाती होते. (पगार झाडूचा आणि जोखीम औषधाची, हा प्रकार आमच्या चांगलाच परिचयाचा आहे.) पुढच्याच वर्षी, १९०२ मध्ये, अशी औषधे करणाऱ्यांना परवाना आणि तपासणी बंधनकारक करणारा कायदा तेथे झाला. कायदा यायला तेरा तिरड्या उठाव्या लागल्या.

आज घटसर्पाची लस तान्हेपणीच टोचतात. घोड्याला मात्र रजा मिळालेली नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या दंशावर आपल्याकडे जो उतारा देतात, तो घोड्याच्याच रक्तातून निघतो. आणि त्याची वाट पाहणारा बहुधा असतो अनवाणी शेतात उतरलेला मजूर.