९९ दिवसांचा सम्राट आणि एक बसलेला आवाज

आजची गोष्ट एका बसलेल्या आवाजाची आहे. आवाज होता जर्मनीचे युवराज फ्रेडरिक यांचा.

१८८७ च्या मार्चमध्ये डॉक्टर गेरहार्ट यांनी आरशातून त्यांचा घसा पाहिला. डाव्या स्वरतंतूवर बारीकशी गाठ दिसली. घसा पाहण्याची ही युक्ती एका गायनशिक्षकाची बरं का! १८५४ मध्ये मानुएल गार्सिया यांनी दंतवैद्याचा छोटा आरसा वापरून स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले होते.

गेरहार्ट यांनी तापलेल्या तारेने गाठ जाळली, पण ती पुन्हा वाढली. तेव्हा शल्यविशारद बेर्गमान म्हणाले, गळा बाहेरून उघडू, स्वरयंत्र मधोमध चिरू आणि गाठ काढू. जोखीम मोठी होती, तरी २१ मे ही तारीख ठरली. आदल्या दिवशी लंडनहून मॉरेल मॅकेन्झी पोचले. त्यांचा आग्रह, आधी तुकडा तपासा. तुकडा गेला थोर विकृतिशास्त्रज्ञ विर्शो यांच्याकडे. त्यांना कर्करोग दिसला नाही. शस्त्रक्रिया टळली.

मला मॅकेन्झींचा आग्रह चुकीचा वाटत नाही. आजही तुकडा तपासूनच पुढे जातात. पण तुकड्यात रोग सापडला नाही, म्हणजे घशात तो नाहीच, असं होत नाही. गाठ वाढत असेल तर पुन्हा तपासावं लागतं.

नोव्हेंबरात सान रेमोला निदान स्पष्ट झालं. आता उपाय एकच, पूर्ण स्वरयंत्र काढणं. बिलरोथ यांनी १८७३ मध्ये ते करून दाखवलं होतं. युवराजांनी नकार दिला. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावं लागलं. ९ मार्चला ते सम्राट झाले, पण बोलता येईना. चिठ्ठ्या लिहून कारभार चालला. १५ जूनला ते गेले. राज्य ९९ दिवसांचं!

स्वरतंतूवरचा कर्करोग एका बाबतीत प्रामाणिक आहे. गाठ लहान असतानाच आवाज बदलतो. तिथे लसीकावाहिन्या कमी, म्हणून तो उशिरा पसरतो. १९७२ मध्ये स्ट्राँग आणि याको यांनी स्वरयंत्रावर लेझर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. आता सुरुवातीची गाठ तोंडावाटे, गळा न चिरता काढता येते. किरणोपचारांचाही पर्याय असतो.

तेव्हा मंडळी, घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर हळद-दुधावर थांबू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.