कृष्णसाराचा माळ



पवनीस शिक्षक असतांना वर्गांतल्या एका मुलानें मला विचारिलें होतें, "गुरुजी, काळविटाचीं शिंगें दरसाल गळतात का?" चितळ-सांबरांचीं गळालेलीं शिंगें त्यानें वैनगंगेकडच्या जंगलांत पाहिलीं होतीं. काळविटाचीं शिंगें गळत नाहींत व त्यांना फांटेही फुटत नाहींत. तीं पिळदार असून जन्मभर टिकतात. काळवीट हा कुरंगवर्गांतला प्राणी, दाट जंगलाचा नव्हे, उघड्या माळाचा.

पूर्ण वाढलेल्या नराची पाठ काळीभोर, पोट आणि डोळ्यांभोंवतालचें कडें पांढरें. मादी पिंगट व बहुधा बिनशिंगी. आपले पूर्वज त्याला कृष्णसार म्हणत. ज्या देशांत हा मृग स्वभावतः संचार करितो, तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृति सांगते. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या प्रारंभीं दुष्यंत ज्याचा पाठलाग करितो व तपस्वी ज्याला वांचवितात, तोही कृष्णसारच.

पुढें मोंगल बादशहांनीं, आणि अलीकडच्या काळांत कोल्हापूरसारख्या संस्थानांनीं, शिकविलेले चित्ते सोडून काळविटांची शिकार केली. नवल असें कीं, त्यांत आधीं संपला तो चित्ताच! १९५२ सालीं तो हिंदुस्थानांतून नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें, आणि २०२२ सालीं मध्य प्रदेशांतील कुनो येथें आफ्रिकेंतून चित्ते आणावे लागले.

काळवीट मात्र तगला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला आश्रय मिळाला. १९८० सालीं नगर जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांतील रेहेकुरी येथें त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. पुढें आपल्या विदर्भांतही वाशीम जिल्ह्यांत कारंजा-सोहोळ येथें दुसरें झालें. परंतु रेहेकुरीचें क्षेत्र अवघें २.१७ चौरस किलोमीटर. कळप वाढला कीं शेजारच्या शेतांत उतरतो, आणि पीक तुडविलें गेलेल्या शेतकऱ्याची तक्रार खोटी म्हणतां येत नाहीं.

आज बंदुकीहून मोठें भय आहे तें माळ नाहींसा होण्याचें. गवताळ जमिनीला आपण पडीक म्हणतों. ती नांगरतों, किंवा सद्धेतूनें तेथें झाडें लावितों. पण काळविटाचें रक्षण होतें तें त्याच्या दूरदृष्टीनें व वेगानें, आणि दाट झाडींत हीं दोन्ही निरुपयोगी ठरतात. ज्या माळाला आपण ओसाड समजतों, तेंच त्याचें घर. स्मृतिकारांनीं या मृगावरून भूमीची पारख केली. तीच पारख आतां आपली व्हावयाची आहे.