दिंडीच्या ट्रकाची गोष्ट

आपल्या दिंडीच्या राहुट्या, पातेली, पिठाची पोती आधी बैलगाड्यांवर जायची. मग हा ट्रक आला. टाटांच्या टेल्को कारखान्याने जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून १९५४ पासून जमशेदपुरात ट्रक काढले. तो करार १९६९ मध्ये संपला. आपला ट्रक त्या काळातला, म्हणून त्याच्या नाकावर अजून तीन टोकांची चांदणी आहे.

कित्येक वर्षं तो देवळामागे चिंचेखाली उभा होता. शताब्दीला तोच सामान घेऊन पंढरीला जावा, असं बैठकीत ठरलं. पैसा भिशीतला, म्हणजे शेतमजुरी करणाऱ्या माळकऱ्यांचा. हिशेब माझ्याकडे होता, आणि पहिली चूक माझीच.

उत्साहाच्या भरात आम्ही आधी सहा टायर आणले आणि केबिनला रंग दिला. मेस्त्री आले, खाली वाकून पाहिलं नि म्हणाले, "माउली, चासीला तडा आहे. वेल्डिंग करायचं तर हा रंग जळणार." तसंच झालं. टायर उन्हात पडून राहिले. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतंच.

मग मेस्त्रींनी क्रम लावून दिला. सगळ्यात आधी कागद. आरसी बुक वारलेल्या विणेकरीबुवांच्या नावावर, ते बदलायला वेळ लागणार, म्हणून ते काम लगेच सुरू केलं. मग चासी आणि पाटे, त्यानंतर ब्रेक. मी विचारलं, इंजिन का नाही आधी? ते म्हणाले, "दिवे घाट चढताना इंजिन दमलं तर गाडी उभी राहील. परतीला उतरताना ब्रेक गेला तर?" यावर कोणी बोललं नाही.

इंजिन उघडून मापं घेतल्याशिवाय पिस्टन, रिंगा, बेअरिंग काही आणायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. ब्लॉक बोअर केला की पिस्टन मोठ्या मापाचा लागतो. आधी आणलेला वाया जातो. उलट जुन्या गाडीचा दुर्मिळ भाग भंगार बाजारात दिसला, तर गरज पुढच्या महिन्यात असली तरी तेव्हाच उचलायचा. रबरी वायसर, ऑइल सील, होज पाइप मात्र बसवायच्या आठवड्यात. वायरिंग, हौद्याच्या फळ्या त्यानंतर, आणि रंग शेवटी.

पासिंग झालं तेव्हा आळंदीचं प्रस्थान चार दिवसांवर होतं. रंगाला पैसेही उरले नव्हते. ट्रक नुसत्या रेडऑक्साइडवर निघाला. वाटेत बायाबापड्या विचारायच्या, गेरू कुणी लावला हो? रंग आम्ही दिवाळीनंतर दिला.