‘विक्रांत’ची कहाणी



आपल्या मंडळाच्या पंचविसाव्या वर्षाच्या स्मरणिकेत इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. कोल्हापुरात इतिहास म्हटला की ताराराणी आणि शाहूमहाराज ही नावे आधी ओठांवर येतात. त्यांच्याविषयी अधिकाराने लिहिणाऱ्यांची येथे वाण नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. म्हणून मी आपल्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास निवडला आहे. तो एका युद्धनौकेचा आहे, तिच्या पाठीवरून उडणाऱ्या जेट विमानांचा आहे आणि ती मोडीत जाऊ नये म्हणून हातात डबा घेऊन उभ्या राहिलेल्या साध्या माणसांचाही आहे.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. पण फौजेत माणसे धाडण्यात तो कधी मागे राहिला नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळी गावाला तर लोक ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखतात. माझे धाकटे मामा गडहिंग्लजकडचे. तेही असेच घरातून निघाले आणि नौदलात खलाशी झाले. त्यांची काही वर्षे ‘विक्रांत’वर गेली. ते सुट्टीला आले की आम्ही भाचरे त्यांच्याभोवती कोंडाळे करून बसत असू. त्यांच्याकडून ऐकलेले आणि पुढे वाचून पडताळून पाहिलेले असे दोन्ही मिळून येथे सांगते.

‘विक्रांत’ मूळची इंग्रजांची. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ साली तिच्या बांधणीस प्रारंभ झाला. १९४५ साली ती पाण्यात उतरली, पण युद्ध संपल्यामुळे तिचे काम अर्धवटच राहिले. तिचे त्या वेळचे नाव ‘हर्क्युलिस’. १९५७ साली ती आपल्या देशाने विकत घेतली, राहिलेले काम पुरे करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी आयर्लंड बेटावरील बेलफास्ट बंदरात ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्या समारंभाला आपल्या उच्चायुक्त म्हणून श्रीमती विजयालक्ष्मी पंडित होत्या. आपल्या देशाची पहिली विमानवाहू नौका एका स्त्रीच्या उपस्थितीत सेवेत रुजू झाली, ही गोष्ट आपण महिला मंडळाच्या पुस्तकात नोंदवायलाच हवी. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईस येऊन पोहोचली.

नौकेची लांबी सुमारे २१३ मीटर. जमिनीवर विमानाला मैलभर लांबीची धावपट्टी लागते. येथे तर पाव किलोमीटरही जागा नाही आणि तीसुद्धा लाटांवर डुलणारी. मग विमान उतरायचे कसे? मामा सांगत, की विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो आणि नौकेच्या पाठीवर आडव्या जाड पोलादी तारा ताणलेल्या असतात. विहिरीत पडलेली घागर आपण गळ टाकून धरतो ना, तसा तो आकडा तारेत अडकला पाहिजे. नाही अडकला तर विमानाने पुन्हा उडून जायचे आणि फेरी मारून परत यायचे. उडताना वाफेच्या जोराने गोफणीतून धोंडा भिरकावा तसे विमान पुढे फेकले जाई. १८ मे १९६१ रोजी ‘सी हॉक’ जातीचे जेट विमान घेऊन ‘विक्रांत’वर पहिल्यांदा उतरणारे भारतीय वैमानिक म्हणजे लेफ्टनंट ताहिलियानी. हेच पुढे १९८४ साली नौदलप्रमुख झाले.

‘विक्रांत’ची खरी कसोटी लागली ती १९७१ च्या युद्धात. तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेला होता. बॉयलर कमी म्हणजे वाफ कमी आणि वाफ कमी म्हणजे वेग कमी. विमान उडवायचे तर नौकेने वाऱ्याच्या तोंडावर वेगाने जावे लागते, म्हणजे पंखांखाली वारा भरतो. अशा अडचणीतल्या नौकेला युद्धात न्यावे की नाही, असा प्रश्न होता. आपल्या नौदलाने ती नेली. तिच्या मागावर पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी आली होती. ती विशाखापट्टणमजवळ डिसेंबरच्या सुरुवातीस समुद्राच्या तळाशी गेली. ४ डिसेंबरला ‘विक्रांत’वरून ‘सी हॉक’ विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजार व चितगाव येथे हल्ले चढवले. समुद्राकडची वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि बांगलादेश जन्मास आला. या कामगिरीबद्दल ‘विक्रांत’वरील मंडळींना २ महावीरचक्रे आणि १२ वीरचक्रे मिळाली.

पुढे ‘सी हॉक’ विमाने निवृत्त झाली, त्यांच्या जागी ‘सी हॅरिअर’ आली. शेवटी नौकाही थकली. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवेतून निवृत्त झाली.

येथून आपल्या गोष्टीचा दुसरा भाग सुरू होतो आणि मला वाटते, आपण गृहिणींनी लक्ष देऊन वाचावा असा हाच भाग आहे.

निवृत्तीनंतर ‘विक्रांत’चे संग्रहालय झाले. ती मुंबईच्या गोदीत उभी होती आणि लोक येऊन पाहून जात. पण लोखंड खाऱ्या पाण्यात उभे आहे, हे कोणी विसरून चालत नाही. आपल्या घरची लोखंडी कढई दोन दिवस ओली राहिली तर तिला तांब चढते. येथे तर वर्षानुवर्षे खारे पाणी. तिचे कायमचे संग्रहालय करावे, अशा योजना पुष्कळ झाल्या. नौदल म्हणे, राज्य सरकारने घ्यावी. सरकार म्हणे, खर्च परवडणारा नाही. वर्षे गेली आणि पत्रे पातळ होत गेली. २०१२ साली सुरक्षिततेच्या कारणाने संग्रहालय बंद करण्यात आले. २०१३ च्या अखेरीस लिलाव जाहीर झाला, तेव्हा कोठे लोक खडबडून जागे झाले.

‘विक्रांत वाचवा’ अशी हाक मुंबईत उठली. रेल्वे स्थानकांवर डबे घेऊन स्वयंसेवक उभे राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी दहा, वीस, शंभर रुपये टाकले. त्यात निवृत्त सैनिक होते, विद्यार्थी होते, कामावर निघालेल्या बायका होत्या. मामाही त्यावेळी मुलाकडे मुंबईस होते. त्यांनीही आपला वाटा टाकला. काही नागरिक न्यायालयात गेले. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. नौका सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारवाल्यास विकली गेली. सर्वोच्च न्यायालयात काही काळ काम थांबले होते, पण ऑगस्ट २०१४ मध्ये तेथूनही वाट मोकळी झाली आणि त्या वर्षाअखेर दारुखान्यात ‘विक्रांत’वर गॅसची ज्योत चालू लागली. मामांना ते कळले त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढे मामींनी फोनवर सांगितले. त्यावर ते स्वतः पुढे कधीही काही बोलले नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या डब्यांतून गोळा झालेल्या पैशाचे पुढे काय झाले, यावरून २०२२ साली एका माजी सैनिकाने पोलिसांत तक्रार केली. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. खरेखोटे ठरविणे तुमचेआमचे काम नव्हे. पण नऊ वर्षांनीसुद्धा लोक हिशेब विचारतात, एवढे त्यातून दिसले. ज्या कामाला वर्गणी गोळा होते त्या कामाचा जमाखर्च पहिल्या दिवसापासून फळ्यावर असावा. काम साधले नाही तर पैसे कोठे द्यायचे, हेही आधीच ठरलेले असावे.

‘विक्रांत’नंतर ‘विराट’. तीही मूळची इंग्रजांची. १९८७ साली आपल्या नौदलात आली, २०१७ साली निवृत्त झाली. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. निवती म्हणजे आपल्या घाटाखालचेच गाव. आपली मुले सहलीला जाऊन ती पाहतील, असे वाटले होते. पण योजना कागदावरच राहिली. २०२० साली ती ३८ कोटी ५४ लाखांना विकली गेली आणि गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर ओढून नेली. मुंबईच्या एका कंपनीने ती परत विकत घेण्याची तयारी दाखवली, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकामाला स्थगितीही दिली. पण तोवर पुष्कळसा भाग तोडून झाला होता. त्यामुळे एप्रिलमध्ये तो प्रयत्नही संपला.

सगळीकडे असेच झाले असे मात्र नाही. विशाखापट्टणमला ‘कुरसुरा’ नावाची पाणबुडी २००१ साली निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी वाळूवर ओढून तिचे संग्रहालय करण्यात आले. लोक तिकीट काढून आत जाऊन पाहतात. तिला पाण्याबाहेर काढले आणि वेळ घालवला नाही, यामुळे ती टिकली. ‘विक्रांत’वरची ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ जातीची विमानेही आपल्याला पाहता येतात. गोव्याला जाल तेव्हा बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. ते १९९८ साली उघडले. आई गेली, पण लेकरे तेवढी राहिली, असे ती विमाने पाहून मला वाटले.

इंग्लंडातही अशीच एक गोष्ट घडली. ‘व्हल्कन’ नावाचे मोठे जेट बॉम्बफेकी विमान १९९३ साली हवाई दलातून निवृत्त झाले. ते पुन्हा उडावे म्हणून लोकांनी विश्वस्त संस्था काढली. लॉटरीच्या निधीतून मोठी मदत मिळाली, तरी २००६ साली पैसे संपत आले आणि काम बंद पडायची वेळ आली. तेव्हा सामान्य लोकांनी पुन्हा देणग्या पाठवल्या, एका धनिकाने पाच लाख पौंड दिले आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी ते विमान आकाशात गेले. पुढे २०१५ पर्यंत ते उडत राहिले. त्यानंतर जमिनीवर उभे आहे आणि जमिनीवर उभे राहायलाही खर्च लागतोच. जपणूक एकदाच करून संपत नाही. ती रोजच्या देवपूजेसारखी चालू ठेवावी लागते.

‘विक्रांत’चे अगदीच काही उरले नाही, असेही नाही. तिच्या पोलादातून केलेले एक स्मारक २०१६ साली मुंबईत गोदीच्या लायन गेटजवळ उभे राहिले. थोडे पोलाद मोटारसायकलींत गेले. आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीन येथे त्याच नावाची नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. ही मात्र आपल्याच देशात बांधलेली. त्याच दिवशी नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजी काळातला क्रूस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती त्यावर आली. मामांनी तो सोहळा दूरदर्शनवर पाहिला. नवी नौका फार सुंदर आहे, असे म्हणाले आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “पण जुनीवर मी जिना चढलो होतो.”

आता या सगळ्याचा आपल्या मंडळाशी काय संबंध, ते सांगते. आपल्या पेठेतील जवानांच्या वस्तू, म्हणजे पदके, गणवेश, घरी धाडलेली पत्रे, छायाचित्रे, यांसाठी मंडळाच्या खोलीत काचेचे एक कपाट करावे, असा ठराव सभेपुढे आहे. “जुन्या कापडाला आणि बिल्ल्यांना एवढा खर्च कशाला? त्यात दोन शिलाई यंत्रे येतील,” असे काहीजणींचे म्हणणे आहे. ते टाकाऊ नाही. शिलाई यंत्रावर एखादीचे घर चालते. पण यंत्र पुढच्या वर्षीही दुकानात मिळेल. सीमेवरून आलेले पत्र एकदा कसरीने खाल्ले की ते कोणत्या दुकानात मिळणार? मला विचाराल तर यंत्रे दोनऐवजी एक घ्यावे आणि कपाट मात्र यंदाच करावे.

१९४५ साली भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने शिवाजी चौकात महाराजांचा अर्धपुतळा उभा राहिला. तो उभा करणाऱ्यांनी सवडीची वाट पाहिली नाही, म्हणून आज येता-जाता आपले हात जोडले जातात. आपले काम त्यापुढे अगदी लहान आहे. कपाट लाकडी नको, वाळवी लागते; लोखंडी घ्यावे. आत डांबरगोळ्या आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा ऊन दाखवण्याची पाळी लावून द्यावी. प्रत्येक वस्तूवर नाव, गाव आणि साल लिहिलेली चिठ्ठी असावी. वस्तू ज्यांची त्यांचीच राहील, असे वहीत लिहून दोघींच्या सह्या घ्याव्या. वर्गणीची पावती एक रुपयाचीही द्यावी आणि जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लावावा.

मामांनी आपली टोपी आणि ‘विक्रांत’च्या नावाची पट्टी मला दिली आहे. ती मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घेऊन येईन. तुमच्याही घरातल्या ट्रंकेत काही असेल तर त्या दिवशी आणा. वही आणि पेन घेऊन मी दारापाशीच बसलेली असेन.