दिनविशेष : 2 ऑगस्ट, सावित्री पूल दुर्घटना

2016 : मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील 1928 मधील दगडी कमानींचा पूल रात्री महापुरात कोसळला. जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि एक खासगी मोटार अंधारात वाहून गेल्या. अनेक प्रवासी प्राणांना मुकले. नौदल, तटरक्षक दल व एनडीआरएफने कित्येक दिवस शोध घेतला. राज्यातील ब्रिटिशकालीन पुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न ऐरणीवर आला. अवघ्या 165 दिवसांत बांधलेला नवा पूल 5 जून 2017 रोजी खुला झाला. पिंपरी-चिंचवडला पुण्याशी जोडणारा, दापोडीजवळचा मुळा नदीवरील हॅरिस पूलही ब्रिटिशकालीनच. अशा वरून भक्कम दिसणाऱ्या जुन्या पुलांचा पाण्याखालील पाया पावसाळ्याआधी आणि नंतरही तपासलाच पाहिजे.