पोळ्याच्या आधीचा रविवार

आमच्या घरात पणजोबांच्या मृत्यूची गोष्ट एका वाक्यात संपते: 'लालबहादूर शास्त्रींनी ज्या अपघातामुळे राजीनामा दिला ना, त्यात गेले ते.' पाहुण्यांसमोर हे वाक्य जरा अभिमानानेच येतं. पणजोबा परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा जंक्शनवर रेल्वेत खलाशी होते. त्यांचा एक फोटो आहे, तोही दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नातला.

शास्त्रींचा राजीनामा शोधला की अरियालूर सापडतं. २३ नोव्हेंबर १९५६, तेव्हाचं मद्रास राज्य. मद्रासहून तुतिकोरीनकडे निघालेली एक्स्प्रेस, पुराने खचलेला पूल, दीडशेच्या आसपास मृत्यू. प्रश्न सुटला असं इथे कुणालाही वाटेल. पण पूर्ण्याचा खलाशी त्या गाडीत कसा, हे काही जुळत नव्हतं. दिवसभर दोन टेबलं एकमेकांशी जोडणं हेच माझं काम आहे. एक रकाना जुळतो म्हणून बाकीचे जुळतातच असं नाही, एवढं त्यातून कळलंय.

म्हणून आत्याआजीला फोन केला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला तारीख आठवत नाही, बैल आठवतात. आदल्या दिवशी खांदेमळणी झाली होती, शिंगांना रंग लागला होता, आत पुरण शिजत होतं आणि तार आली. मी म्हटलं, नोव्हेंबर असेल का? ती म्हणाली, "दिवाळी झाल्यावर कुठं पोळा असतो का रे?"

पोळा श्रावण अमावास्येला. १९५६ साली ती ४ सप्टेंबरला होती, मंगळवारी. तिथून दोन दिवस मागे गेलं की सापडतो २ सप्टेंबरचा रविवार आणि महबूबनगरचा अपघात. जडचर्ला ते महबूबनगर दरम्यान पूल कोसळला आणि गाडी खाली गेली.

आता नकाशाही जुळतो. मनमाडहून परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी लाइन मीटर गेजची होती. तिकडे काचीगुड्याहून महबूबनगर, कर्नूल, द्रोणाचलमपर्यंतही मीटर गेजच. सगळं जाळं मूळ निजामाच्या रेल्वेचं, नोव्हेंबर १९५१पासून मध्य रेल्वेत आलेलं. पूर्ण्याचा माणूस कामासाठी कर्नूलकडे निघाला, तर त्याच रुळांवरून जाणार.

मग शास्त्री आपल्या गोष्टीत आले कुठून? महबूबनगरनंतरही त्यांनी राजीनामा दिला होता, नेहरूंनी तो स्वीकारला नाही. ८२ दिवसांनी अरियालूर झालं, पुन्हा राजीनामा दिला आणि तो मंजूर झाला. राजीनाम्याचं उदाहरण आपण सगळेच देतो. मला मात्र ते ८२ दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. दोन्हीकडे पावसाचं पाणी आणि दोन्हीकडे पूल. पहिल्या वेळी देशाला जे कळलं होतं, त्यासाठी दुसऱ्यांदा माणसं मरायला नको होती. लोकांच्या आठवणीत दुसरा अपघात राहिला, कारण मंत्री त्यात गेला. पहिल्या अपघाताची माणसं हळूहळू दुसऱ्याच्या नावाखाली सरकली. आमच्या घरातही तेच झालं.

बरं, तेही एका जागी राहिले नाहीत. पणजोबा गेले तेव्हा परभणी आणि महबूबनगर दोन्ही हैदराबाद राज्यात होते. घर आणि मृत्यूची जागा, राज्य एकच. दोन महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, ते राज्यच उरलं नाही. परभणी मुंबई राज्यात गेली, महबूबनगर आंध्र प्रदेशात. घरात सुतकानंतरची पहिली दिवाळी, आणि पणजीच्या नवऱ्याच्या मृत्यूचे कागद आता परक्या राज्यातले, तेलुगू मुलखातले. निरक्षर बाई, पदरात चार लेकरं. आत्याआजी म्हणते, ती एकदाच हैदराबादेपर्यंत जाऊन आली, पुन्हा गेली नाही. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे निघाली आणि ही लाइनही मध्य रेल्वेकडून तिकडे गेली. तोवर पणजीने विचारायचंच सोडलं होतं.

मृतांचा आकडा कुठे ११२ छापलेला आहे, कुठे १२५. फरक तेरा माणसांचा. ऑफिसात एवढी तफावत आली असती तर आम्ही रात्रभर बसून ती शोधली असती. इथे दोन्ही आकडे साठ-सत्तर वर्षं शेजारी शेजारी नांदतायत.

घरच्यांना हे सगळं सांगितलं. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे राजीनामा आपल्यासाठीही दिला होता, फक्त मंजूर झाला नाही." आत्याआजीला राजीनाम्यात रस नव्हता. तिने एवढंच विचारलं, तो पूल आता आहे का, आणि गाडी जाते का त्यावरून.

परवा मोबाइलमध्ये आमची वंशावळ भरत होतो. मृत्यूच्या जागेसाठी ॲप राज्यांची यादी दाखवतं. महबूबनगर निवडलं की पुढे आपोआप तेलंगणा येतं. ते खोडलं आणि हाताने लिहिलं: महबूबनगर, हैदराबाद राज्य, २ सप्टेंबर १९५६.