युनिक्सच्या वाड्याची दिंडी

संगणक सुरू होतो आणि क्षणार्धांत जगाच्या जाळ्याशीं जोडला जातो. तेवढ्या अवधींत एक छोटा विधि उरकलेला असतो. संगणकाचा जो भाग तारेनें किंवा बिनतारी लहरींनीं बाहेरच्या जाळ्याला भिडतो, त्याला इंटरफेस म्हणतात. या इंटरफेसला अंकांचा पत्ता द्यावा लागतो, शेजारचीं यंत्रें कोणतीं व दूरचीं कोणतीं हें ठरविणारी मर्यादा सांगावी लागते आणि शेवटीं तो चालू झाल्याचें जाहीर करावें लागतें. हें सारें ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगावयाचें असतें. तें सांगण्याची रीत कशी पडली, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

१९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला. शक्य तितक्या सर्व वस्तूंना फाइल समजावें, हें तिचें सूत्र होतें. साठविलेला मजकूर असो, छपाईचें यंत्र असो कीं दूरचें टर्मिनल असो. उघडणें, वाचणें, लिहिणें आणि बंद करणें एवढ्या क्रियांनीं काम भागावें. परंतु टर्मिनलच्या तारेवरून अक्षरें किती वेगानें धाडावींत हें सांगणें म्हणजे वाचणेंही नव्हे आणि लिहिणेंही नव्हे. अशा फुटकळ सूचनांसाठीं १९७९ च्या सातव्या आवृत्तींत ‘आयऑक्टल’ नांवाचा एक सर्वसाधारण सिस्टिम कॉल आला. उघडलेल्या वस्तूचा क्रमांक, कामाचा क्रमांक आणि माहितीचा ठावठिकाणा एवढेंच तो घेई. कोणत्या क्रमांकाचा अर्थ काय, हें त्या त्या उपकरणाच्या चालकानें ठरवावें. जुन्या वाड्याचा मोठा दरवाजा लावलेला असला तरी माणसाच्या जाण्यायेण्यापुरती त्यांत दिंडी असे, तशीच ही योजना होती.

चार वर्षांनीं या दिंडीवर मोठा भार पडला. १ जानेवारी १९८३ रोजीं आर्पानेट या जाळ्यानें टीसीपी-आयपी हे नवे नियम अंगीकारले. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनीं युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ति प्रसिद्ध केली. बिल जॉय हे तिच्या प्रमुख कर्त्यांपैकीं एक होत. अमेरिकेच्या संरक्षण खात्यांतील डार्पा या संस्थेचें तिला द्रव्यसाहाय्य होतें. जाळ्यावरील संभाषणासाठीं तिनें ‘सॉकेट’ दिलें. पण इंटरफेसला मात्र फाइलचें रूप मिळालें नाहीं. जें उघडतांच येत नाहीं त्याला सूचना कशी द्यावी? तोड अशी निघाली कीं, कोणतेंही एक सॉकेट उघडावें, तें कोणाशीं जोडलेलें नसलें तरी चालेल, आणि त्याच्या क्रमांकावर आयऑक्टलची हांक द्यावी. हांकेबरोबर एक पेटी जाई. तिच्या सोळा बाइटांच्या कप्प्यांत इंटरफेसचें नांव असे आणि दुसऱ्या कप्प्यांत एकच मूल्य. पत्ता द्यावयाचा तर एक हांक, चालूची खूण लावावयाची तर दुसरी. त्याच आवृत्तीबरोबर आलेला ‘इफकॉन्फिग’ हा प्रोग्राम या हांका मनुष्याच्या वतीनें देई.

या सोयींतील दोष पुढें उघड झाले. खूण बदलण्यासाठीं प्रोग्राम आधीं सर्व खुणा वाचून घेई, त्यांतली एक बदली आणि सर्व परत लिही. मधल्या काळांत दुसऱ्या प्रोग्रामनें कांहीं बदललें असल्यास तें पुसलें जाई. एखादी तार तुटली तर कर्नल आपण होऊन कळवीत नसे. पुनःपुन्हा विचारावें लागे. एका इंटरफेसला अनेक पत्ते असूं शकतात, हेंही त्या पेटींत बसेना. लिनक्सवर तर नांवापुढें दोन टिंबें आणि अंक लावून जणूं तो निराळाच इंटरफेस आहे असें भासवावें लागे. १९९५ नंतर आलेला आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा पत्ताच सोळा बाइटांचा. त्याला त्या जुन्या कप्प्यांत जागा उरली नाहीं.

खुद्द बेल प्रयोगशाळेंतील मंडळींना ही दिंडी रुचली नव्हती. ‘प्लॅन नाइन’ ही त्यांची पुढची सिस्टिम १९९२ सालीं विद्यापीठांना मिळाली. तींत आयऑक्टल नाहींच. इंटरफेसची एक नियंत्रण-फाइल असते आणि पत्ता द्यावयाचा तर तींत साधा मजकूर लिहावयाचा. मूळ सूत्राशीं इतकें एकनिष्ठ उत्तर दुसरें नाहीं. परंतु जग तोंवर युनिक्सवर वसलें होतें.

लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं आरंभिलेल्या लिनक्सनें बर्कलेचीच रीत उचलली. १९९९ च्या जानेवारींत आलेल्या २.२ या आवृत्तींत अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांच्या परिश्रमानें ‘नेटलिंक’चा मार्ग प्रशस्त झाला. येथें कर्नलशीं पत्रव्यवहार चालतो. प्रत्येक बाबीबरोबर तिचा प्रकार आणि लांबी लिहिलेली असल्यामुळें नव्या बाबी जुन्यांना धक्का न लावतां घालतां येतात, आणि बदल झाला कीं कर्नल स्वतः वर्दी देतो. २०२३ सालीं फ्रीबीएसडीच्या १३.२ या आवृत्तींतही नेटलिंक आलें.

तथापि लिनक्सनें जुनी दिंडी बुजविली नाहीं. जे प्रोग्राम काल चालत होते ते आजही चालले पाहिजेत, असा टोरवाल्ड्स यांचा दंडक आहे. या सचोटीचें मोल मोठें; पण तिचा एक परिणाम विचित्र झाला. नव्या मार्गानें इंटरफेसला दिलेला जादा पत्ता लिनक्सच्या जुन्या इफकॉन्फिगला पुष्कळदां दिसतच नाहीं. जुन्या सवयीचा व्यवस्थापक पडद्यावर एकच पत्ता पाहतो आणि दुसऱ्या पत्त्यावरून चाललेली वाहतूक त्याच्या लक्षांत येत नाहीं. प्रोग्राम खोटें सांगत नाहीं. त्याच्या पेटींत जेवढें मावतें तेवढेंच तो सांगतो.

१९७९ मध्यें टर्मिनलच्या किरकोळ सूचनांसाठीं ठेवलेली वाट चार दशकांनंतरही वाहती आहे. तिच्यावर एकदां असंख्य लोकांचे प्रोग्राम उभे राहिल्यावर ती पाडण्याचा अधिकार बांधणाऱ्यांकडेही उरला नाहीं. शेजारीं नवी वाट काढावी, जुनीची डागडुजी करावी आणि तिच्यांतून काय दिसत नाहीं हें पुढल्या पिढीला स्पष्ट सांगून ठेवावें, एवढेंच त्यांच्या हातीं राहिलें.